ऑनलाइन ध्यानवर्गात एका साधकाची झोप हरवली तेव्हा: कोल्हापुरातील एका धम्मवर्गाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण २०२४ च्या वर्षावासातले, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतले आहे. कोल्हापूर शहर आणि आसपासच्या गावांतील उपासक-उपासिकांसाठी आम्ही जो ऑनलाइन धम्मवर्ग चालवतो, त्यातील एका तरुण साधकाची झोप जवळजवळ तीन आठवडे बिघडत गेली. वर्ग आठवड्यातून दोनदा भरत होता, तो तरुण त्यात येत होता, आणि तरीही आम्हाला कोणालाच त्याचा पत्ता लागला नाही. मी या वर्गाच्या दोन संयोजकांपैकी एक आहे. त्या तरुणाने आणि त्याच्या आईने हा मजकूर वाचून प्रसिद्धीला संमती दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, मात्र घटनांचा क्रम आणि आमच्या हातून घडलेल्या चुका जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे रोज थोडे थोडे वाचन करायचे, ही महाराष्ट्रातील बौद्ध वस्त्यांमधली रुळलेली प्रथा आहे. २०२० च्या टाळेबंदीत विहार बंद राहिले आणि आमचे वाचन मोबाईलवर आले. टाळेबंदी उठल्यावर ते पुन्हा विहारात जायला हवे होते, परंतु तोपर्यंत गारगोटी, कागल, इचलकरंजीकडची माणसे जोडली गेली होती. लग्न होऊन पुण्याला गेलेल्या आमच्याच वस्तीतल्या मुली संध्याकाळची कामे आवरून वर्गात येऊ लागल्या होत्या. शिवाय कोल्हापूरचा पावसाळा आहेच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की घरातली माणसे बाहेर पडायला कचरतात, ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की सामान माळ्यावर चढते. आणि २०१९ व २०२१ साली शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेलेला आम्ही सर्वांनी पाहिला आहे. पावसात भिक्खूंनी प्रवास न करता एका जागी राहावे म्हणून वर्षावास सुरू झाला. त्या अर्थाने घरी बसून एकत्र वाचणे आम्हाला प्रथेला धरूनच वाटले.

या भागात धम्माकडे पाहण्याची एक विशिष्ट दृष्टी आहे आणि पुढचे काही निर्णय समजण्यासाठी ती सांगणे आवश्यक आहे. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाचा जाहीर गौरव केला, ते माणगाव आमच्याच जिल्ह्यात आहे. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असताना, त्यांचा पुतळा उभा राहिला. आमच्या वर्गातील ज्येष्ठांच्या घरांत धम्म आला तो या चळवळीच्या वाटेने. त्यामुळे ग्रंथवाचन, पंचशील, मुलांचे शिक्षण आणि वस्तीचे काम म्हणजे धम्म, अशी त्यांची पक्की धारणा आहे, आणि डोळे मिटून बसण्याविषयी त्यांच्या मनात पहिल्यापासून शंका आहे. तरुणांना मात्र ध्यान हवे होते. २०२२ पासून आम्ही वाचनानंतर २० मिनिटांचे आनापानसति, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचे, ध्यान ठेवले. दोन्ही बाजूंनी ते मान्य केले, पण ज्येष्ठांपैकी काहीजण वाचन संपताच वर्गातून बाहेर पडत.

वर्ग बुधवारी आणि रविवारी रात्री साडेआठला भरतो. त्या वर्षी पटावर ४६ जण होते आणि रोज तीसेक येत. त्रिसरण-पंचशील, वाचन, चर्चा, ध्यान आणि शेवटी सर्वांनी माईक चालू करून तीन वेळा ‘साधू’ म्हणायचे, असा क्रम होता. डेटा वाचावा आणि घरातल्या बायकांना संकोच वाटू नये म्हणून कॅमेरे बंद ठेवायची सवय पडली होती, त्यामुळे ध्यानाच्या वेळी पडद्यावर नुसते काळे चौकोन असत आणि प्रत्येकात नावाचे आद्याक्षर. ज्यांना रेंज मिळत नाही त्यांच्यासाठी ध्यानाचे रेकॉर्डिंग आम्ही व्हॉट्सअॅप गटावर टाकत असू. हे रेकॉर्डिंग पुढे या प्रकरणाच्या मुळाशी निघाले.

ध्यान शिकवणारे सर निवृत्त शिक्षक आहेत, अनेक शिबिरे केलेले, शांत आणि नेमके बोलणारे. ते मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातील आनापानसति सुत्ताच्या आधारे शिकवत. त्या सुत्तात श्वासाच्या स्मृतीचे सोळा टप्पे आहेत, त्यांपैकी देहाशी संबंधित पहिल्या चार टप्प्यांपलीकडे वर्गात जायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते.

साधक

तो २६ वर्षांचा. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, कामाला, वडील लहानपणीच वारलेले, घरी आई आणि तो. पाळ्या आठवड्याला बदलत: सात ते तीन, तीन ते अकरा आणि अकरा ते सात. तिसरी पाळी असली की तो वर्ग संपताच डबा घेऊन निघायचा. वाचन चांगले, प्रश्न नेमके. अंगुत्तर निकाय या दुसऱ्या संग्रहातील सोण भिक्खूची गोष्ट आम्ही वाचली तेव्हा चर्चेत ती त्यानेच समजावून सांगितली होती. पायांतून रक्त येईपर्यंत चंक्रमण, म्हणजे चालत ध्यान, करणाऱ्या सोणाला बुद्ध विचारतात की वीणेची तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर ती नीट वाजते का. आणि तसेच वीर्य, म्हणजे प्रयत्न, समतोल ठेवायला सांगतात. ‘जास्त जोर लावणं हाही एक अडथळाच आहे,’ असे हा तरुण त्या दिवशी म्हणाल्याचे मला स्पष्ट आठवते. त्यानंतर दोनच आठवड्यांनी तो स्वतः दिवसाला चार तास बसत होता.

समस्या कशी वाढत गेली

पुढचा तपशील आम्हाला नंतर, त्याच्याकडूनच, तुकड्यातुकड्याने कळला.

ऑगस्टच्या सुरुवातीला त्याने गटावरचे रेकॉर्डिंग रोज सकाळी एकदा लावायला सुरुवात केली. मन शांत झाल्यासारखे वाटले म्हणून दोनदा, मग लागोपाठ पाच-सहा वेळा. रेकॉर्डिंगच्या शेवटच्या पाच मिनिटांत सरांचे एक वाक्य होते: ‘आता हालचाल करू नका. पाय दुखला तरी तसेच बसा, दुखण्याकडे पाहा.’ वर्गात हे वाक्य उच्चारले जाई तेव्हा त्याच्या पुढे पाचच मिनिटे उरलेली असत, आणि पाच मिनिटांनी सर स्वतःच ‘सावकाश डोळे उघडा’ म्हणत. याने मात्र तो भाग कापून वेगळा ठेवला होता आणि तोच पुन्हापुन्हा ऐकत तो दीड-दोन तास न हलता बसे. पुढे त्याने मला सांगितले, ‘सर म्हणत होते हलू नका, म्हणून मी हललो नाही.’

तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो सकाळी साडेसातला घरी येऊन झोपण्याऐवजी बसू लागला. दोन-तीन तासांवर झोप टिकेना. बसल्यावर कानांत नॉकआउट मशीनचा धडधडाट सुरू होई, तिथे साचे फोडून ओतीव भाग बाहेर काढतात आणि तो आवाज भिंतीपलीकडेही जातो. जेवताना आपलाच हात दुसऱ्या कोणाचा तरी आहे असे वाटे. छातीत धडधडे, अचानक भीती वाटे. त्याने मोबाईलवर काही चित्रफिती पाहिल्या होत्या, त्यांत अशा अनुभवांना प्रगतीच्या पायऱ्या म्हटले होते. म्हणून त्याने कोणाला काही विचारले नाही. उलट बसण्याची वेळ वाढवली.

लक्षात कसे आले

वर्गाच्या शेवटी तीसजण एकदम माईक उघडतात, कोणाची रेंज मागे, कोणाची पुढे, त्यामुळे तीन ‘साधू’ कधीच एका सुरात येत नाहीत. भांडी ठेवल्याचा आवाज, कुकरची शिट्टी, मागे रडणारे मूल, आणि त्यातून येणारे ते शब्द. या तरुणाचा ‘साधू’ नेहमी सर्वांत शेवटी आणि स्वच्छ ऐकू येई. वर्गातील एक ज्येष्ठ उपासिका, ज्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो, त्यांचे तिकडे लक्ष असे. ध्यानाच्या वेळी आक्का डोळे मिटत नाहीत. जपमाळेसारखे हातात काही नाही, नुसत्या ऐकत बसतात.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी वर्ग संपल्यावर त्यांचा मला फोन आला. ‘त्या पोराचा साधू आज आला न्हाई. मागल्या बुधवारी पण एकदाच म्हणाला. त्याचा चौकोन तर होता की तिथं. जरा फोन लाव त्याला.’ मी म्हटले, ‘आक्का, रेंज गेली असेल.’ त्या म्हणाल्या, ‘रेंज गेली तर चौकोन जातो गं.’

मी फोन लावला. तो लगेच उचलला गेला. आवाज बसलेला, पण बोलण्यात एक घाई. झोप कशी आहे विचारल्यावर तो म्हणाला, ‘ताई, झोप येत नाही, पण ते चांगलंच आहे ना? मन जागं राहायला लागलंय.’ मग बोलता बोलता त्याने सहज सांगितले की शुक्रवारी रात्री वितळलेल्या धातूचे लॅडल, म्हणजे ओतण्याचे मोठे भांडे, पुढे येत असताना तो वाटेतच उभा राहिला होता; एका सहकाऱ्याने दंडाला धरून मागे ओढले. ‘मला ते दिसत होतं, पण ते माझ्याकडे येतंय असं वाटलं नाही.’

त्या रात्री समोर असलेले पर्याय

मी सर्वांत आधी सरांना फोन केला. त्यांचे पहिले मत असे पडले की साधनेत असे टप्पे येतात आणि जातात, त्याने घाबरून न जाता समतेने बसत राहावे. हे मत त्यांनी अनुभवातून दिले होते, आणि त्यांच्या परंपरेत ते चुकीचेही नाही. अडचण अशी होती की ते मत देताना त्यांना लॅडलचा प्रसंग ठाऊक नव्हता. तो सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले.

दुसऱ्या संयोजकाचा सल्ला वेगळा होता. हातकणंगल्याजवळ आळत्याला विपश्यनेचे ‘धम्मालय’ केंद्र आहे, तिथे त्याला दहा दिवसांच्या शिबिराला पाठवावे, योग्य हातांखाली सगळे मार्गी लागेल, असे त्यांना वाटत होते. या सूचनेवर मी गंभीरपणे विचार केला, कारण आमच्या वर्गातील अनेकांना त्या शिबिरांचा मोठा लाभ झालेला आहे. परंतु दहा दिवसांच्या शिबिराचा दिवस पहाटे चारला सुरू होतो, रोज दहा तासांच्या आसपास बैठक असते आणि मौन असते. अर्जातच शारीरिक व मानसिक आरोग्याची माहिती विचारलेली असते आणि गंभीर मानसिक त्रास असलेल्यांनी येऊ नये असे सांगितलेले असते. तीन आठवडे न झोपलेल्या माणसाला तिथे पाठवणे म्हणजे त्या पद्धतीवरही अन्याय ठरला असता. आणखी एक फरक मला त्या रात्री पहिल्यांदा नीट दिसला: तिथे साधक बसतो त्याच आवारात आचार्य असतात, दुपारी त्यांना भेटून शंका विचारता येतात. आमच्या साधकासमोर एक कापलेले रेकॉर्डिंग होते.

बुधवारच्या वर्गापर्यंत थांबावे, सर तिथे सर्वांसमोर सर्वसाधारण सूचना देतील आणि त्याचा अवमान होणार नाही, हाही विचार मनात येऊन गेला. तिसऱ्या पाळीची अजून एक रात्र मध्ये आहे हे लक्षात आल्यावर तो सोडून दिला.

राहिला तो मार्ग असा की बसणे पूर्ण थांबवायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे. यात मला भीती होती ती माझ्या अधिकाराची. मी ध्यानाची शिक्षिका नाही, डॉक्टरही नाही. वर्गाची लिंक पाठवणे आणि हजेरी ठेवणे हे माझे काम. तरीही निर्णय त्या रात्रीच घ्यायचा होता, आणि तो सरांना विचारून पण सरांच्या पहिल्या मताविरुद्ध घ्यायचा होता. मी त्यांना तसे स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, ‘तुम्ही त्याच्याशी बोललात, मी नाही बोललो. तुमचंच बरोबर असेल.’ या एका वाक्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

प्रत्यक्ष कृती

रात्री साडेदहाला मी आणि त्या तरुणाने मिळून १४४१६ या टेली मानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीवर, फोन केला. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी मोफत सेवा चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येते. समुपदेशकाने त्याच्याशी स्वतंत्र बोलून घेतले, एक-दोन दिवसांत मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि तोवर रात्रपाळीला जाऊ नका असे सांगितले. त्याने मोबाईलमधला तो तुकडा पुसला. गटावरची ध्यानाची सगळी रेकॉर्डिंग मी त्याच रात्री काढून टाकली.

सोमवारी सकाळी मी आक्कांना घेऊन त्याच्या घरी गेले. त्याची आई दारातच म्हणाली, ‘पोरगं धम्मात रमलंय, वाईट नाद नाही, म्हणून मी काही बोलले नाही.’ तिच्या बहिणीने बाहेरची बाधा असल्याचे सुचवले होते. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात देवऋषी येणार नाही, असे सांगून आईने ते धुडकावले होते. परंतु मानसोपचाराचे नाव काढताच तिचा चेहरा बदलला. मुलाचे लग्न ठरायचे आहे, लोक काय म्हणतील, ही तिची भीती खरी होती आणि तिला मी काही उत्तर देऊ शकले नाही. उत्तर आक्कांनी दिले. पती गेल्यावर सहा महिने आपल्याला झोप लागत नव्हती, आपण गोळी घेत होतो, मुलींशिवाय कोणाला माहीत नाही, हे त्यांनी तिथे चहा पिता पिता सांगितले. चार वर्षांच्या ओळखीत मलाही ते ठाऊक नव्हते.

मंगळवारी आम्ही कोल्हापुरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. डॉक्टरांनी ध्यानाविषयी विचारले, पण त्याहून अधिक वेळ पाळ्या, जेवण, चहा आणि घराण्यातील आजार यांविषयी विचारले. त्यांचे म्हणणे असे की पाळी बदलत राहिल्याने झोप आधीच मोडलेली होती, त्यात दीर्घ बैठकांची भर पडली, आणि दोन्हींचा वाटा वेगळा काढता येणार नाही. थोड्या काळासाठी औषध, ठरलेल्या वेळी झोप आणि सध्या डोळे मिटून बसणे बंद, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या चिठ्ठीवर कारखान्यात महिनाभर पहिली पाळी मिळाली.

सरांनी त्याच्याशी प्रत्यक्ष भेटून बोलायचे ठरवले. पुढच्या रविवारी सकाळी ते दोघे रंकाळ्यावर भेटले आणि तलावाच्या कडेने उघड्या डोळ्यांनी सावकाश चालले. चंक्रमणाची सोय सुत्तांमध्ये आहेच. आम्हीच ती ऑनलाइन वर्गात कधी आणली नव्हती, कारण पडद्यावर चालता येत नाही. त्या चालण्यात सरांनी त्याला संयुत्त निकायातील अग्गि सुत्त सांगितले. विझत आलेली आग फुलवायची तर सुके गवत, सुकी लाकडे घालावी लागतात. भडकलेली आग शमवायची तर ओले गवत आणि माती. तसेच मन सुस्त असेल तेव्हा धम्मविचय (धम्माचे परीक्षण), वीर्य आणि प्रीती (आनंद) वाढवावी, मन उद्दीपित असेल तेव्हा प्रश्रब्धी (शांतता), समाधी आणि उपेक्षा (समता). स्मृती मात्र सर्वत्र उपयोगी आहे, असे बुद्ध तिथे म्हणतात. वीणा त्याने कधी हातात घेतली नव्हती. आग त्याला रोजची होती. तो थांबला आणि म्हणाला, ‘म्हणजे सर, चढलेल्या भट्टीत मी ब्लोअर वाढवत बसलो होतो.’

दुसरा निर्णय: वर्गात ध्यान ठेवायचे की नाही

ही बैठक ऑनलाइन न घेता विहारात घेतली. नाव न सांगता आणि त्याच्या संमतीने आम्ही घडलेले मांडले. ज्येष्ठांचे म्हणणे सरळ होते: ध्यान बंद करा, ग्रंथ वाचा, समाजाचे काम करा. त्यांच्या बोलण्यात ‘आम्ही सांगत होतो’ असा सूर अजिबात नव्हता. ज्या वस्तीत डॉक्टरकडे जायलाही दिवसाची मजुरी बुडते, तिथे अशी जोखीम का घ्यायची, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो टाळता येणारा नव्हता.

दुसऱ्या बाजूने एका तरुणीने ग्रंथातच उघडून दाखवले की अष्टांगिक मार्गातील सम्यक समाधीचा अर्थ सांगताना बाबासाहेब तिला मनाला कुशल कर्माचा विचार करण्याची सवय लावणारी गोष्ट म्हणतात. समाधी ही त्यांनी मार्गाबाहेर टाकलेली नाही. ती पळवाट होऊ नये एवढी काळजी घेतलेली आहे. या वाचनाने चर्चेचा रोख बदलला. ध्यान की समाज, या वादातून आम्ही बाहेर पडलो आणि ध्यान कोणाच्या देखत करायचे, या मुद्द्यावर आलो.

त्याच बैठकीत सरांनी संयुत्त निकायातील आनापान संयुत्त या भागातला वैशालीचा प्रसंग वाचला. माझ्या दृष्टीने या प्रकरणात याहून महत्त्वाचा आधार दुसरा नाही. बुद्ध भिक्खूंना अशुभ भावना, म्हणजे देहाच्या अशुद्धतेवरचे ध्यान, सांगतात आणि पंधरा दिवस एकांतात जातात; भोजन घेऊन येणाऱ्या एकाशिवाय कोणी जवळ यायचे नाही, अशी सूचना असते. मागे राहिलेले अनेक भिक्खू त्या ध्यानात इतके बुडतात की त्यांना स्वतःच्या देहाची घृणा येते आणि ते प्राण गमावतात. पंधरा दिवसांनी बाहेर आल्यावर बुद्ध आनंदाला विचारतात की भिक्खुसंघ असा विरळ का दिसतो आहे. आनंद घडलेले सांगतो आणि भिक्खूंसाठी दुसरा काही मार्ग सांगण्याची विनंती करतो. तेव्हा बुद्ध वैशालीतील सर्व भिक्खूंना एकत्र बोलावतात आणि आनापानसति शिकवतात.

विहारात बराच वेळ कोणी बोलले नाही. मी दोन वर्षे आनापानसतिचे वर्ग भरवले, पण ते शिकवण्याआधी एकदा संघाकडे नजर टाकून ‘विरळ का दिसतो’ असे विचारले गेले होते, हे मला माहीत नव्हते. आमच्या पडद्यावर तर संघ विरळ दिसण्याचीही सोय नव्हती. चौकोन जागच्या जागी होते.

ध्यान ठेवायचे असे ठरले, पुढील बदलांसह. वेळ २० वरून १० मिनिटांवर आली. ‘हलू नका’ ही सूचना गेली. अस्वस्थ वाटल्यास डोळे उघडा, उठा, पाणी प्या, हे आता प्रत्येक वेळी सांगितले जाते. बसण्याआधी मिनिटभर सर्वांचे कॅमेरे चालू होतात आणि ज्यांना ते नको असेल त्यांनी बोलून हजेरी द्यायची. पाच-सहा जणांमागे एक सोबती नेमला आणि त्याने आठवड्यातून एकदा फोन करून झोप, जेवण, कामाची पाळी विचारायची. ध्यान कसे चालले आहे हा प्रश्न त्यानंतर. नवीन येणाऱ्याला सध्या चालू असलेली औषधे, अलीकडचे दुःख आणि रात्रपाळी यांविषयी आधी एकट्याला विचारले जाते. महिन्यातून एका रविवारी विहारात प्रत्यक्ष बैठक होते.

परिणाम

दिवाळीपर्यंत त्याची झोप सहा तासांवर आली. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने जानेवारीत थांबले. हात परका वाटणे मात्र त्यानंतरही अधूनमधून काही आठवडे येत राहिले आणि त्याचे त्याला फार वाईट वाटे. वर्गात तो वाचनाला येई आणि ध्यान सुरू होताच ज्येष्ठांबरोबर बाहेर पडे. एप्रिलपासून तो विहारातल्या बैठकीत, डॉक्टरांना विचारून, पाच मिनिटे बसू लागला. तिसरी पाळी पुन्हा सुरू झाली आहे; त्या आठवड्यात तो बसत नाही.

दोन तरुणांनी वर्ग सोडला. त्यांपैकी एकाने मला लिहिले की एका माणसाच्या त्रासापायी सर्वांची साधना पातळ केली गेली. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. १० मिनिटांत जे साधते ते मर्यादित आहे. ज्यांना अधिक हवे त्यांना आम्ही प्रत्यक्ष शिबिरांकडे पाठवतो. उलट, पूर्वी वाचन संपताच निघून जाणाऱ्या ज्येष्ठांपैकी चारजणी आता थांबतात, कारण सोबत्याच्या फोनची जबाबदारी त्यांच्यावर आहे.

आज काय वेगळे केले असते

नंतर व्हॉट्सअॅप गट मागे चाळताना मला जे दिसले ते अजूनही बोचते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्याचे ‘नमो बुद्धाय’ पहाटे पावणेचारला, सव्वाचारला पडत होते, पहिल्या पाळीच्या आठवड्यातही. त्याखाली आम्ही सगळ्यांनी हात जोडल्याची चिन्हे टाकली होती, मीही. पहाटे उठणारा निष्ठावान साधक, असा त्याचा अर्थ लावला. एवढ्या उजेडात पडलेली खूण वाचायची राहून गेली, आणि आक्कांच्या कानाला जाणवले नसते तर किती दिवस राहिली असती याचा मी विचार करू शकत नाही.

कामाच्या पाळीविषयी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून काम करणारे वर्गात आठ-नऊजण होते, आणि आमच्यापैकी कोणालाही कोणाची पाळी कधी असते हे ठाऊक नव्हते. सरांच्या पहिल्या मताबद्दल आम्ही दोघे नंतर मोकळेपणाने बोललो. साधकाशी स्वतः बोलल्याशिवाय साधनेविषयी सल्ला द्यायचा नाही, हा नियम त्यांनीच घालून घेतला. १४४१६ हा क्रमांक गटाच्या माहितीत पहिल्यापासून लिहिलेला असता, तर कदाचित त्यानेच एखाद्या पहाटे तो लावला असता.

रेकॉर्डिंगचा प्रश्न अजून सुटलेला नाही. गारगोटीकडच्या तिघीजणींना पावसाळ्यात रेंज मिळत नाही. रेकॉर्डिंग बंद झाल्यापासून त्यांचे ध्यान बंद आहे, आणि ज्या चुकीत त्यांचा काही हात नाही तिची झळ त्यांना बसली आहे. सध्या त्यांच्यातली एक शेजारच्या दोघींना घरी बोलावते आणि घड्याळ लावून दहा मिनिटे तोंडी सूचना देते. ती रविवारी रात्री उशिरा, रेंज आली की, तिघी कशा आहेत ते मला कळवते.